एकच ढग

पहिल्या घराचे मिळाले पंच्याऐंशी डॉलर,
तेही चेकने,
आणि चेकवर माझ्या आडनावातला एक ‘के’ गायब.
हाक्काराइनेन.
बँकेतली बाई म्हणाली, असू दे,
तुम्हा फिनिश लोकांकडे अक्षरं तशी जास्तच असतात.

तेव्हा माझ्याजवळ एक कॅमेरा,
हीटर बिघडलेली एक पिकअप,
आणि पाचाच्या आत दिवे मागणारा
थंडर बेचा डिसेंबर.

हळूहळू हात बसला.
फ्रिजवरचे लोहचुंबक उतरवायचे,
कुत्र्याची ताटली वॉशिंग मशीनमध्ये लपवायची,
कमोडचं झाकण आधी पाडायचं, मग श्वास घ्यायचा.
सोळा मिलिमीटरच्या भिंगासमोर
नऊ बाय दहाची खोलीसुद्धा
हॉटेलातल्या पाहुण्यासारखी
हातपाय पसरून बसते.

आकाश मात्र माझ्याकडे एकच होतं.
जुलैतल्या एका मंगळवारी
बंदराच्या धक्क्यावरून टिपलेलं,
सुपीरियर सरोवरावरचं:
निळं, आणि डाव्या कोपऱ्यात
परातीबाहेर पडलेल्या कणकेसारखा एक ढग.
ते मी एप्रिलच्या चिखलावर लावलं,
ऑक्टोबरच्या पानगळीवर लावलं.
छपरावर बर्फ असेल तर नाही.
तेवढी लाज होती.

महिन्याला पाच घरं. मग एकोणीस.
गॉर्ड माझुरेक फोन करून नुसतं ‘उद्या?’ म्हणायचा
आणि ठेवून द्यायचा.
दर वाढवायचं पत्र मी चार वेळा लिहिलं.
तीनदा माफी मागितली,
चौथ्यांदा नुसता आकडा ठेवला.
दोन एजंट गेले.
त्यातला एक ऑगस्टमध्ये परत आला,
काही घडलंच नव्हतं असा.

मग जनेल पेल्टिए आली कामाला,
फोर्ट विल्यमची, ड्रोन उडवणारी,
शिट्टी वाजवत पायऱ्या चढणारी.
पहिल्या महिन्यात तिचा पगार निघाला,
माझा नाही.
मे महिन्यात बासष्ट घरं केली आम्ही
आणि एकही जेवण बसून नाही.

जूनमध्ये टेसारोबाईंचा फोन.
वय एक्क्याऐंशी, आवाज सुरीसारखा.
‘माझं घर विकायला आहे, समोरच्या बोर्तोलोनचंही.
दोघांच्या छपरावर तोच ढग.
मी उभी पूर्वेला तोंड करून, तो पश्चिमेला.
साठ वर्षं भांडी घासताना
खिडकीतून हेच आकाश बघतेय मी.
मला सांग, ढग नक्की कुठे चालला होता?’

मी म्हटलं, चौकशी करून सांगते.
दुसरं काय म्हणणार.

जनेलने रात्री जुन्या फाइली उघडल्या.
एकशे त्रेचाळीस घरं.
ती हसत सुटली, मग हसायची थांबली,
कारण एकशे सतरावं घर तिच्या मावशीचं होतं.

बाईंचं घर पुन्हा टिपलं,
सरोवरावरून धुकं आलं होतं त्या सकाळी.
आकाश राखाडी, दाराशी लाल जिरेनियम,
आणि त्या स्वतः खिडकीआड, हलायला तयार नाहीत.
ठेवल्या तशाच.
ते विकायला सात आठवडे लागले.
बोर्तोलोनचं, ढगाखालचं, नऊ.
यावरून काही सिद्ध होत नाही.

आता चांगलं आकाश दिसलं की आम्ही गाडी थांबवतो.
जनेल प्रत्येकावर तारीख लिहिते, वेळ लिहिते,
आणि कुठल्या दिशेचं तेही.
खोटं सोडलं असं नाही;
आता आमच्या खोट्याला दिशा असते.

जुना ढग टाकवला नाही.
बिलाच्या डाव्या कोपऱ्यात छापलाय, धंद्याची खूण म्हणून.
टेसारोबाईंनी तो पाहिला आणि फोन केला,
‘बरं झालं. राहतो कुठे ते तरी कळलं.’
पैसे मात्र
तिसाव्या दिवशीच पाठवले.